सव्वीस आठवडे आणि चौदा महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी २९ वर्षांची, एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर (सह-वैमानिक), बेस मुंबई. नवरा पुण्यात आयटीत, सासर-माहेर दोन्ही कोल्हापूरचं. उड्डाणाचे २१०० तास झालेत, एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) हातात आहे, कमांड (कॅप्टनपद) दीडेक वर्षावर दिसतेय. घरून मुलाबद्दल विचारणा सुरू झालीय आणि खरं सांगायचं तर मलाही मूल हवंय. कमांडच्या आधी की नंतर? कंपनीला कधी सांगायचं? पगाराचं काय होतं? परत उडायला किती दिवस लागतात? सगळे म्हणतात, सव्वीस आठवडे भरपगारी रजा असते, मग अडचण काय?"

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण गोची तिथंच आहे. सव्वीस आठवडे हा आकडा ऑफिसात बसून काम करणाऱ्या बाईला बरोबर बसतो. ती आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत कामावर जाते, मग रजा घेते आणि रजा संपली की सोमवारी त्याच खुर्चीत येऊन बसते. आपली खुर्ची तशी नाही. टेस्टवर दोन रेघा उमटल्या की ती बंद होते, आणि रजा संपली म्हणून आपोआप उघडत नाही.

हिशेब मांडून बघ. गरोदरपण चाळीस आठवड्यांचं. साधारण पाचव्या आठवड्यात तुला कळेल. कायद्याप्रमाणे डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते, म्हणजे रजा लवकरात लवकर बत्तिसाव्या आठवड्यात सुरू होणार. पाच ते बत्तीस, हे मधले सत्तावीस आठवडे कुणाचे? तू उडत नाहीस आणि बाळंतपणाच्या रजेवरही नाहीस. पुढं डिलिव्हरीनंतर रजेचे अठरा आठवडे उरतात. त्यानंतर मेडिकल, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष फ्लाइटवरचं प्रशिक्षण) यात सहा ते दहा आठवडे सहज जातात. एकूण चौदा महिने, आधीची रजा न घेता सगळी बाळ झाल्यावर घेतलीस तर सोळा. यातल्या सव्वीस आठवड्यांची काळजी कायदा घेतो. बाकीचं सगळं तुझ्या करारातल्या एका पानावर अवलंबून असतं, आणि ते पान सही करताना कुणीच वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

मी सतरा वर्षं एअरलाइनमध्ये आहे. मोठी मुलगी २०१४ ची, तेव्हा मी फर्स्ट ऑफिसर होते. धाकटा सप्टेंबर २०१९ चा, तेव्हा कॅप्टन. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे कायदे. २०१४ मध्ये रजा बारा आठवड्यांचीच होती. सव्वीस झाले ते १ एप्रिल २०१७ पासून, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन. त्याच तरतुदी पुढं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या.

पहिल्या वेळची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळ कसली, रात्रीचे पावणेतीन. साडेतीनची पिक-अप, दिल्लीची पहिली फ्लाइट. पाळी आठवडाभर लांबली होती, किट दोन दिवस बॅगेत पडून होतं, आणि का कोण जाणे, युनिफॉर्म चढवल्यावर बाथरूममध्ये मी ते वापरलं. दोन रेघा. खाली गाडी येऊन उभी, पार्किंग लाइट लुकलुकतायत, ड्रायव्हरचा मिस्ड कॉल. मी एपॉलेट्स लावलेला शर्ट घालून पलंगाच्या कडेवर बसले होते. पहिला विचार बाळाचा आला नाही, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पहिला विचार आला तो, आज उडून आले आणि उद्या सांगितलं तर काय बिघडेल?

उत्तर: त्या दिवशी बहुधा काहीच बिघडलं नसतं. पण आपली तब्येत बदलली आहे हे माहीत असताना लायसन्स वापरायचं नाही, हा नियम तापाला लागू आहे तसाच याला. विमानात मळमळून चक्कर आली, लँडिंग बिघडलं, आणि चौकशीत निघालं की हिला आधीच माहीत होतं, तर पुढं काय बोलणार? मी क्रू कंट्रोलला फोन केला, "अनफिट" एवढंच म्हटलं, शर्ट उतरवला आणि झोपले. ड्रायव्हर बिचारा रिकामा परत गेला.

आता नियम काय म्हणतो ते बघ. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, पहिल्या परिशिष्टात लिहिलंय की गरोदर पायलट अनफिट समजावी, मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणीत आणि सततच्या देखरेखीत गरोदरपण कमी जोखमीचं, गुंतागुंतीविना आहे असं दिसलं तर तिला फिट ठरवता येतं. अशी फिटनेस बाराव्या आठवड्याच्या अखेरीपासून सव्विसाव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंतच असावी, अशी पुढं शिफारस आहे. म्हणजे कागदावर मधले चौदा आठवडे उडायला वाव आहे. युरोपात सव्विसाव्या आठवड्यापर्यंत बऱ्याच जणी उडतात, शेजारी दुसरा पायलट असण्याच्या अटीवर. माझ्या दोन्ही खेपांना आणि माझ्या ओळखीच्या जवळजवळ सगळ्याजणींच्या बाबतीत कंपनीने मात्र कळल्या दिवसापासून थांबवलं. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तिसऱ्या महिन्यात पहाटे अडीचला उठून आम्लेटच्या वासात चार सेक्टर (फ्लाइट) करायची हौस मला नव्हती. तक्रार आहे ती थांबवल्यावर पगाराचं काय करतात याबद्दल.

तेव्हाच्या माझ्या कंपनीने आधी आजारपणाची रजा संपवायला लावली, मग हक्काची रजा, आणि चौथ्या महिन्यात दोन ओळींचं मेल आलं की यापुढं बिनपगारी. ग्राउंड ड्यूटी मागितली तर "सध्या जागा नाही" हे उत्तर. ट्रेनिंगचं कर्ज तेव्हा फेडत होते. पायलट होण्याचा खर्च तुला नव्याने सांगायला नको. सीपीएल (व्यावसायिक लायसन्स), मग टाइप रेटिंग (ठरावीक विमानाचं प्रशिक्षण), वर बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा). बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, त्याला डोहाळे वगैरे काही कळत नाही.

म्हणून करारातलं ते पान. त्यात "टेम्पररी मेडिकली अनफिट" असं कलम असतं. ते वाच आणि तीन गोष्टी शोध. गरोदरपणामुळे आलेली अनफिटनेस त्यात धरली आहे का, की सोयीस्कर मौन आहे? त्या काळात फक्त बेसिक मिळतं, की ठरावीक तासांचा हमी भत्ताही? आणि ग्राउंड ड्यूटी हा तुझा हक्क आहे की त्यांची मर्जी? काही कंपन्या चांगलं वागतात. इंडिगोने २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की मूल पाच वर्षांचं होईपर्यंत महिन्यात दोन आठवडे सुटीचा करार महिला पायलटना घेता येतो. आज तुझ्याकडे काय लागू आहे ते एचआरकडून मेलवर लेखी घे. कॅफेटेरियात ऐकलेल्या धोरणाला किंमत नाही.

ग्राउंड ड्यूटीचा आग्रह मी का धरते, त्यामागं एक हिशेब आहे. तो फारसं कुणी सांगत नाही. रजेचा पगार मिळायला डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ऑफिसातल्या बाईला ८० दिवस म्हणजे किरकोळ. तुझं बघ. डिलिव्हरीच्या तारखेपासून बावन्न आठवडे मागं गेलीस, तर त्यातले पस्तीस आठवडे तू थांबवलेली असणार. उडण्याचे उरले सतरा. आठवड्याला पाच दिवस ड्यूटी धरली तर ८५ दिवस. त्यात पंधरा दिवस रजा घेऊन कुठं फिरून आलात, चार दिवस ताप आला, की तू ८० च्या खाली. उरलेला काळ बिनपगारी बसवलं असेल तर एचआरचा एखादा हुशार माणूस बोटं मोजायला लागतो. ग्राउंड ड्यूटीवर असशील तर हा प्रश्नच येत नाही. रोज हजेरी, रोज दिवस मोजला जातो. मॅन्युअल्स दुरुस्त करणं, रोस्टरिंगला मदत, सेफ्टी विभागात फ्लाइट डेटा बघणं, जे मिळेल ते घे. सेफ्टी मिळालं तर सोनं. दुसऱ्या खेपेला मी पाच महिने तिथं होते. अनस्टेबल अप्रोच (लँडिंगआधी वेग-उंची नीट न जुळलेली उतरण) केल्यावर लोक रिपोर्टमध्ये काय काय थापा लिहितात, ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

दुसरी मेख पगाराच्या सरासरीत आहे. रजेचा पगार काढतात तो रजेआधीच्या तीन महिन्यांच्या रोजच्या सरासरीवर. ते तीन महिने तू जमिनीवर असतेस, तासाचा फ्लाइंग अलाउन्स शून्य. त्यामुळं "भरपगारी" या शब्दातला पगार तू आज घेतेस तो नव्हे. तुझ्या पगारपत्रकातून अलाउन्स वजा कर, उरलेला आकडा वर्षभर पुरेल का ते बघ. आम्ही दुसऱ्या वेळी सव्वा वर्ष आधीपासून माझा सगळा अलाउन्स वेगळ्या खात्यात टाकला आणि घर नवऱ्याच्या पगारावर चालवून पाहिलं. दोन महिन्यांतच कळलं, कुठं चुणचुणतं ते.

कमांडचं विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे, पण ते माझं आहे: कमांडसाठी थांबू नकोस. अपग्रेडचं ट्रेनिंग प्रत्यक्ष सुरू झालं असेल तर ते पूर्ण कर. अर्ध्यात सोडलं की पुन्हा पहिल्यापासून येतं, आणि नव्या कॅप्टनचे पहिले काही महिने हात बसायला लागतात, तेही मोडू नयेत. पण "दीडेक वर्षावर दिसतेय" ही काही तारीख नव्हे. कमांडची तारीख विमानं किती येतात यावर ठरते. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. इंजिनांअभावी कितीतरी ए३२० निओ नुसती उभी राहिली. त्या प्रत्येक वेळी कुणाची तरी कमांड "पुढच्या सहा महिन्यांत" होती. माझी एक मैत्रीण अशा पुढच्या सहा महिन्यांची पाच वर्षं वाट पाहत राहिली. आता ती अडतीसची आहे आणि आयव्हीएफच्या तिसऱ्या सायकलमध्ये. ट्रीटमेंटच्या काळात इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, अनफिट, पुन्हा फिट, असं रोस्टर सांभाळणं गरोदरपणापेक्षा अवघड जातं. उलट कमांड सहा-आठ महिने लांबली तर काय होतं? तुझ्या बॅचचे दोन मुलगे तुझ्याआधी कॅप्टनचे चार पट्टे लावतात. टोचतं. मला टोचलं. पुढं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

सीनियॉरिटी नंबरचं मात्र बघ. या रजेत नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या करता येत नाहीत, कायदा तसं म्हणतो. पण रजेआधीचा बिनपगारी काळ सीनियॉरिटीत धरणार का, हे विचारून ठेव, लेखी. जाता जाता एक आठवण करून देते. १९८१ पर्यंत एअर इंडियाच्या एअर होस्टेसची नोकरी पहिल्या गरोदरपणाला संपायची, तसं नियमातच लिहिलेलं होतं. नर्गेश मिर्झा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कलम उडवलं. चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी कलकत्त्याहून सिल्चरला फोकर विमान नेलं, कॉकपिटमधल्या दोघीही बायका. एचआरशी बोलताना मी या बायका मनात ठेवते. आवाज आपोआप नीट लागतो.

कंपनीला कधी सांगायचं? ऑपरेशन्सला आणि मेडिकल विभागाला: कळल्याबरोबर, फोन आणि त्याच दिवशी मेल. बाकी जगाला: तुझ्या सोयीने. बारा आठवड्यांआधी सांगायचं नाही ही आपल्याकडची रीत पायलटला पाळता येत नाही, कारण चार दिवस रोस्टरवर नाव दिसलं नाही की क्रू रूमला कळतंच. आणि दुर्दैवाने गर्भपात झाला तरी लपवू नकोस. त्यासाठी सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे, आणि त्यानंतरही उडण्याआधी पुन्हा तपासणी लागते. माझ्या एका ज्युनिअरने पोटदुखीची आठ दिवस रजा टाकली आणि नवव्या दिवशी स्टँडबायला (बोलावलं तर उडायच्या ड्यूटीला) आली. मला ते वर्षभरानं कळलं. त्या दिवशी मीच तिच्या शेजारच्या सीटवर होते.

रेडिएशनबद्दल तू विचारलं नाहीस, पण सासूबाई विचारतील. आकाशात कॉस्मिक किरणं जास्त असतात हे खरं. आपल्या पेशात वर्षाला साधारण दोन ते पाच मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) पडतात आणि पोटातल्या बाळासाठी उरलेल्या गरोदरपणात एक मिलिसिव्हर्टची मर्यादा मानतात. ध्रुवाजवळून जाणाऱ्या लांब फ्लाइटवर डोस जास्त, आपल्या अक्षांशांवर बराच कमी. कळायच्या आधी तीन आठवडे मुंबई-दिल्ली-मुंबई केलंस म्हणून रात्र जागवू नकोस.

गरोदरपणातच एक फाइल कर. मेडिकल कधी संपतं, पीपीसी (पायलटची नियमित कौशल्य चाचणी) कधी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, डेंजरस गुड्स, सेफ्टीचा रिफ्रेशर, सगळ्याच्या तारखा एका कागदावर. थायरॉइड निघाला, साखर वाढली, बीपी वाढलं, की त्याचे रिपोर्ट आणि औषधाचं नाव त्याच फाइलमध्ये. पुढं क्लास वन मेडिकलला डॉक्टर नेमकं हेच मागतात: डिस्चार्ज समरी, स्त्रीरोगतज्ज्ञांचं फिटनेस, हिमोग्लोबिन. माझं हिमोग्लोबिन पहिल्या वेळी कमी निघालं आणि तीन आठवडे त्यातच गेले. आई म्हणाली, "अळिवाचे लाडू नको म्हणालीस ना, भोग आता."

आईवरून आठवलं, दशमूलारिष्ट. कोल्हापुरात तुला बाळंतपणानंतर ते पाजणार म्हणजे पाजणार. घरी आहेस तोवर डॉक्टरांना विचारून खुशाल घे. पण त्यात आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि आपली उडण्याआधीची ब्रेथ अ‍ॅनलायझर टेस्ट ते आजीने दिलंय की बारवाल्याने, असा भेद करत नाही. विमान वाहतुकीच्या नियामकाने, डीजीसीएने, २०२३ मध्ये नियमात स्पष्ट घातलं की अल्कोहोल असलेलं औषध, माउथवॉश, टूथ जेल, काहीही क्रूने वापरायचं नाही. ड्यूटी सुरू व्हायच्या बऱ्याच आधी ती बाटली कपाटातून बाहेर काढ.

आता परत येणं. माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग नसतील तर रीसन्सी (अलीकडच्या सरावाची अट) गेली, हे तुला माहीत आहे. वर्षभराच्या खंडानंतर क्लासरूम, सिम, मग ट्रेनिंग कॅप्टनबरोबर लाइनवर, मग चेक, असं सगळं चढावं लागतं. रजा संपल्यावर "मी आले" म्हणून गेलीस तर सिमचा स्लॉट दीड महिन्यानंतरचा मिळतो, आणि मधल्या काळाचा पगार हा पुन्हा वादाचा विषय. रजा संपायच्या दोन महिने आधी ट्रेनिंगला मेल टाक. दुसऱ्या वेळी मी टाकलं होतं, अगदी शहाण्यासारखं. सिमची तारीख मिळाली एप्रिल २०२०. मार्चच्या २५ तारखेला देशातली सगळी विमानं जमिनीवर. दोन महिने सगळेच पायलट बाळंतिणीसारखे घरात, सगळ्यांचीच रीसन्सी गेलेली. एवढी समानता मी पुन्हा कधी पाहिली नाही.

पहिल्या वेळचं सिम मात्र माझ्या अंगावर आलं. सिझर होऊन पाच महिने झाले होते. घरी कॉकपिटचं पोस्टर कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. मुलीला लांब केलेल्या पायांवर आडवी टाकून, पाय हलवत, हवेत बोटं नाचवत मी ओव्हरहेड पॅनेलचा फ्लो (बटणांचा क्रम) करायची. मेमरी आयटम्स (आणीबाणीत करायच्या पाठ कृती) हीच अंगाई. "विंडशिअर, टोगा" ऐकून ती पटकन झोपायची. डोक्याची तयारी चांगली होती. सिममध्ये व्ही-वन (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवायचा नसतो तो) झाल्यावर डावं इंजिन गेलं, उजवा पाय रडरवर दाबला आणि टाक्यांच्या जागी अशी ओढ बसली की क्षणभर पायातली ताकदच गेली. नाक डावीकडे घसरलं. सावरलं, पण परीक्षकाला दिसलं. त्याने सिम थांबवलं, लाइट लावले आणि विचारलं, "सीट किती मागं आहे?" बाळंतपणानंतर मी सीट दोन खाचा मागं घ्यायला लागले होते, पोटावर पट्टा टोचतो म्हणून. पाय पूर्ण पोचतच नव्हता. सीट पुढं घेतली, पुन्हा केलं, झालं. पण त्या रात्री मला समजलं की डॉक्टरांच्या "फिट" या शब्दात रडर नसतो. दुसऱ्या वेळी तिसऱ्या महिन्यापासून फिजिओकडे जाऊन पोट, कंबर आणि ओटीपोटाचे स्नायू नीट बांधून घेतले. तो खर्च विम्यात बसत नाही, तरी कर.

दूध. कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजायला सुटी आहे. पस्तीस हजार फुटांवर ती कुठं घेणार? पायलट कॉकपिटमधून बाहेर आला की केबिन क्रूपैकी एकाला आत येऊन थांबावं लागतं, त्यामुळं वीस मिनिटं टॉयलेटमध्ये पंप घेऊन बसणं मी कधी केलं नाही. टर्नअराउंडला, म्हणजे दोन फ्लाइटच्या मधल्या थांब्यात, करायचे. उतरणारे प्रवासी संपले की पुढचं टॉयलेट, बाहेर एक एअर होस्टेस पाठ करून उभी, आत मी घड्याळाकडे बघत हातपंप दाबतेय. दूध जेल पॅकच्या छोट्या पिशवीत, पिशवी गॅलीच्या बर्फाजवळ. एकदा गुवाहाटीला सुरक्षारक्षकाने बाटली वर धरून विचारलं, "यह क्या है, मॅडम?" मी सांगितलं. तो इतका लाजला की माझी बॅग स्वतः उचलून पुढं ठेवली. चार सेक्टरच्या दिवशी मात्र छाती दगड होते, ताप चढतो, आणि मग अनफिट. सुरुवातीचे चार-सहा महिने दोन सेक्टरच्या, रात्री घरी परतणाऱ्या ड्यूट्या मागून घे. माग, कारण कुणी आपणहून देत नाही.

आणि मन. पहिले दहा-पंधरा दिवस रडू येतं, ते ठीक. त्यानंतरही येत राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप मिळत असून झोप लागेना, तर लायसन्सचा विचार न करता डॉक्टरकडे जा. औषध सुरू झालं तर मेडिकल लांबेल. लांबू दे. आपल्याकडे बायका नेमकं उलट करतात, मेडिकलसाठी औषध लांबवतात.

घरची घडी हा तुझा सगळ्यात कच्चा दुवा आहे, स्पष्टच सांगते. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय द्यावी लागते, पण पहाटे साडेतीनला उघडं असलेलं पाळणाघर मला मुंबईत तरी सापडलं नाही. नवरा पुण्यात, तू मुंबईत, दोन्ही आया कोल्हापुरात, यात रात्रीच्या लेओव्हरला बाळाजवळ कोण? खासगी नोकरीत बापाला रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही, त्यामुळं तुझ्या नवऱ्याने आत्ताच त्याच्या कंपनीत विचारावं, घरून काम किती दिवस मिळेल. पुणे बेस मिळत असेल तर कमांडआधी अर्ज टाक. आमच्याकडे माझी आई साताऱ्याहून येऊन अडीच वर्षं राहिली आणि तिच्या गैरहजेरीत बाबा पिठलं करायला शिकले. आईवर एवढा भार टाकणं बरोबर होतं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. ती विषय काढत नाही, मीही काढत नाही.

आता तू एक कर. करार शोध, त्यातल्या टेम्पररी अनफिटच्या पानाचा फोटो काढ आणि मला पाठव. शुक्रवारी मी स्टँडबायवर आहे, बोलावलं नाही तर दुपारी घरीच असेन. ये, बसून वाचू. आणि मला मॅम म्हणू नकोस, ताई चालेल.